फक्त या कामासाठी

कोपरखैरण्यात, पिठाच्या गिरणीला लागून
लोहोटेबाईंचं झेरॉक्सचं दुकान आहे.
खरं तर दुकान नाही, जिना आहे.
जिन्याखाली मशीन, मशीनमागे बाई,
आणि दुपारी गिरणी सुरू झाली की
सगळ्यांच्या दाखल्यांवर बारीक पीठ.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या नावावर
एकोणचाळीस हजारांचं कर्ज होतं
आणि ते मी काढलेलं नव्हतं.

मार्गशीर्षात मेसेज आला होता,
तुर्भ्याचं गोदाम, डेटा एन्ट्री, एकवीस हजार, पीएफ वेगळा.
तो मला मॅडम म्हणाला.
तोवर मला कुणी मॅडम म्हटलं नव्हतं.
त्या एका शब्दावर मी आधार दिलं,
पॅन दिलं, लाईट बिल दिलं थकबाकीसकट,
आणि कार्ड हनुवटीखाली धरून
एक फोटो दिला,
हसून.
नोकरीचा आहे म्हणून हसून.

मग फोन यायला लागले.
जागृती काशिनाथ मढवी बोलताय का?
बोलतेय.
हप्ता कधी भरताय?

म्हणजे कुठंतरी अजून एक जागृती आहे.
तिच्याकडे नवा मोबाईल आहे.
तिला कागदावर बेचाळीस हजार पगार आहे,
तिची सही माझ्यापेक्षा वळणदार.
मी नोकरी शोधत होते
आणि तिला ती मिळालेली होती.
रात्री मला तिचा हेवा वाटायचा.
हे मी तक्रारीत लिहिलं नाही.
चौकीतल्या साहेबांनी एवढंच विचारलं,
तुम्ही स्वतःहून पाठवलंत?
मी खाली बघून म्हटलं, स्वतःहून.

"कुठं द्यायचंय हे?" लोहोटेबाईंनी विचारलं.
ऐरोलीला. मुलाखत आहे.
"झाली?"
उद्या.
"मग आजच सगळी पिशवी का उपडी करतेस?
पोरगी बघायला आले की चहा-पोहे द्यावेत,
सातबारा नाही."

बाई पतपेढीत सव्वीस वर्षं कॅशियर होत्या.
त्यांनी आधारची प्रत समोर ओढली,
म्हणाल्या, हे घरी जाऊन बदलून आण,
बारातले आठ आकडे झाकलेलं मिळतं,
शेवटचे चार पुरतात ओळखीला.
मग पॅनच्या प्रतीवर, फोटोच्या कडेवरून,
निळ्या पेनानं दोन तिरक्या रेघा ओढल्या,
चेक क्रॉस करतात तशा,
आणि मधे मला लिहायला लावलं:
फक्त अमुक कंपनीतल्या नोकरीच्या अर्जासाठी.
खाली तारीख. खाली सही.
"मूळ कागद हातातून सोडायचा नाही.
आणि ओटीपी मागितला तर
मुलाखत संपली असं समजायचं,
खुर्ची सरकवून उठायचं."

स्वतःच्या चेहऱ्यावरून रेघ ओढताना
हात थोडा अडला माझा.
कागदावरची ती,
जरा ओळखीची, जरा परकी,
रेघेपलीकडून बघत राहिली.
बाईंनी दोन रुपये घेतले. पेनाचे नाही, प्रतीचे.

ऐरोलीला सातव्या मजल्यावर
गळ्यात पट्टा घातलेली मुलगी होती, माझ्याच वयाची.
मी आधी तिलाच विचारलं,
हे तुम्ही ठेवता कुठं, आणि किती दिवस?
विचारताना आवाज फाटला.
तिनं मान वर केली,
बहुतेक हे तिला कुणी विचारलं नव्हतं.
मग तिनं प्रत हातात घेतली,
दोन रेघा बघितल्या, मधला मजकूर
ओठ हलवत वाचला.

मी वाट बघत होते,
आता म्हणेल, असं चालत नाही.

"तारीख चुकलीय," ती म्हणाली,
"आज सोळा."
आणि स्वतःचं पेन
टोपण काढून
माझ्याकडे सरकवलं.